जपून राहा, तब्येत सुधारेल!

हवामान बदलाविषयी सांगायला कुणी तुमच्या दारात आलं, तर त्याला आधी खुर्ची द्या, चहा पाजा आणि विचारा, "आमचं राहू द्या, अमेरिकेनं काय केलं ते सांगा." एवढ्यावर बहुतेक लोक उठतात. नाहीच उठला तर चीन काढा. चीनवरही हटला नाही, तर मात्र सावध व्हा.

कारण ही माणसं एक गोष्ट हळूच सांगतात. पृथ्वीचा ताप उतरावा म्हणून जे जे करा म्हणतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी आधी करणाऱ्याचीच तब्येत सुधारते. पृथ्वीचं व्हायचं तेव्हा होईल, आणि त्यातला तुमचा वाटा आठशे कोटी लोकांत वाटला जाईल. घरातला धूर कमी झाला तर त्याचा फायदा मात्र सगळ्यात आधी त्याच घराला. शेजारच्या भावकीलासुद्धा त्यातलं फारसं मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली याचा हिशोबच मांडला होता. तापमानवाढ रोखायच्या पॅरिस कराराची उद्दिष्टं गाठली, तर नुसती हवा सुधारल्यामुळं २०५० पर्यंत वर्षाला सुमारे दहा लाख जीव वाचू शकतील, आणि आरोग्याचा एकूण फायदा खर्चाच्या साधारण दुप्पट भरेल. आता 'दुप्पट' ऐकलं की बीड-धाराशिवकडचा माणूस दचकतो. दचकायलाच पाहिजे. जादा व्याजाच्या नादानं मल्टिस्टेट पतसंस्थेत पुंजी ठेवून आता बंद शटरपुढं बसलेले आपल्यात कमी आहेत का? तेव्हा हा परतावाही नको म्हणून सांगा.

सुरुवात शेतातल्या लाईटीपासून करू. आपल्याकडं मोटारीची थ्री फेज वीज पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की जेवण करायचं, बॅटरी घ्यायची, कानाला मफलर गुंडाळायचा आणि पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला निघायचं. एक वाजता लाईट येते, दीडला जाते, मग डीपीपाशी उभं राहून वायरमनला फोन लावायचा. चिखलात पाय, अंधारात हात आणि बांधावर घोणस. मण्यार तर रात्रीचीच फिरते, आणि चावली तरी पुष्कळदा दुखत नाही, त्यामुळं झोपमोडसुद्धा होत नाही. आष्टीकडच्या लोकांना २०२० च्या हिवाळ्यात याच पाळीत बिबट्याचीही सोबत होती.

एवढं भरलेलं रात्रीचं जीवन असताना सरकार २०१७ पासून शेतीला उन्हावरची वीज द्यायची सौर कृषी वाहिनी म्हणतंय, सौर पंप म्हणतंय. उन्हाला दिवसाच पडायची खोड असल्यामुळं त्यावरची मोटार दिवसाच चालते. म्हणजे तुम्ही रात्री घरी. घरी काय करणार? झोपणार. सात-सात तास झोपलेला शेतकरी सकाळी चिडचिड करत नाही, बीपी मोजलं तर ठीक निघतं, आणि बांधाच्या भांडणात पहिल्यासारखा जोर राहत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सर्पदंशाच्या इंजेक्शनांचा साठा आहे का नाही, या विषयावर पारावर दोन तास बोलता येतं, तेही गेलं. म्हणून सौर फॉर्म भरूच नका. कोळशाची वीज काय वाईट आहे? परळीचं औष्णिक वीजकेंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, हे खरं. पण पाणी आलं की पुन्हा वीज, पुन्हा राख. एक खरा आक्षेप सौर पंपावर आहे, की फुकटच्या उन्हावर मोटार दिवसभर चालू ठेवून लोक बोअर कोरडे पाडतील. पण तो आक्षेप घ्यायचा तर ठिबक, पीकपद्धती, पाण्याचं मोजमाप असं सगळं बोलावं लागतं. तुम्ही आपलं "ढगाळ दिवशी काय करता?" एवढंच विचारा.

चुलीला हात लावू देऊ नका. चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला येत नाही, हे आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलोय. चव घेणारा ओसरीवर असतो, धूर घेणारी चुलीपुढं, त्यामुळं या मुद्द्यावर घरात एकमत लवकर होतं. २०१६ साली गॅस जोडणीची उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरोघर पोचला. आता तो कोपऱ्यात आहे, त्याच्यावर मावशीनं घागर ठेवलीय. (भरून आणायला पैसे लागतात, ही अडचण खरीच आहे. ती मंचावरून बोलायची नसते, लाभार्थ्यांचा फोटो खराब येतो.) चुलीच्या धुरानं लेकरांना न्यूमोनिया, बायांना दमा आणि मोतीबिंदू होतो म्हणतात. होऊ द्या. मोतीबिंदूच राहिला नाही, तर पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मोफत नेत्रतपासणी शिबिर कशाचं घ्यायचं?

धुरातली काजळीही पृथ्वी तापवते, आणि ती जास्त अडचणीची आहे. कर्बवायू हवेत शेकडो वर्षं राहतो, काजळी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली बसते. म्हणजे आज आवरली तर परिणाम लवकर दिसतो, आणि "आपल्या हयातीत काय होणारंय" असं म्हणायची सोयच राहत नाही.

ऊस तुटून गेला की पाचटाला काडी लावा. पाचट रानातच ठेवलं तर ओल टिकते, तण दबतं, कुजून खत होतं, असं कृषी सहायक सांगतो. त्याचं रान नाही, त्याला काय जातंय सांगायला. कापसाच्या पऱ्हाट्याही पेटवा. मग घरी येऊन टीव्हीवर दिल्लीच्या धुराची बातमी बघून हळहळा. शहरात राहत असाल तर तुम्हाला एवढे कष्टही नाहीत. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, त्यात हवेच्या निकषात नापास शहरं म्हणून जालना, लातूर आणि आपलं संभाजीनगर आहे. चला, कुठल्या यादीत तर मराठवाड्याला घेतलं! पुढच्या वेळी अनुशेषावर भाषण करताना हे नोंदवायला हरकत नाही. शिवाय आपला निकषही मोठ्या मनाचा आहे. फुफ्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक कणांची वर्षाची सरासरी घनमीटरमागं पाच मायक्रोग्रॅमच्या पुढं नको, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपण चाळीसपर्यंत चालवून घेतो.

डोक्यावर पत्रा ठेवा, उघडा. जाड मातीच्या छताच्या, माळवदाच्या घरात मे महिन्यातही आजी दुपारी गोधडी टाकून झोपायची, ते दिवस गेले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची जड घरं माणसांवर बसली, त्यानंतर माळवदाखाली कुणाला झोप लागणार होती? भीती खरी होती. पण तिच्यापासून पळता पळता आपण जिथं पोचलो, तिथं दुपारी दोनला पत्र्याखाली भाकरी नुसती ठेवली तरी कडक होते. आता म्हणतात छताला पांढरा चुना मारा, ऊन परत फिरतं, आत गारवा राहतो. अहमदाबादनं २०१३ पासून उष्णतेचा आराखडा केला, उन्हाळ्यात लोकांना सावध करतात, दवाखाने तयार ठेवतात. तुम्ही ऐकू नका. चुन्याची गोणी ती कितीची, एवढ्या स्वस्त गोष्टीनं कुणाची प्रतिष्ठा वाढली आहे का? कूलर घ्या. पाण्याची चिंता करू नका. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलंच की, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. पाणी कमी प्यालं तर मुतखडा होतो, तो काढणारे डॉक्टरही लातुरात भरपूर आहेत.

खाण्याचं थोडक्यात. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ साली लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी दिली, नाव ठेवलं 'परभणी शक्ती'. ज्वारीला पाणी कमी लागतं, उन्हाला टिकते, बायांच्या रक्ताला बरी. असलं पीक घेऊन कारखान्याच्या चेअरमनला तोंड कसं दाखवणार? ऊस लावा, साखर खा, शुगर वाढवा, गोळ्या घ्या. पैसा जिल्ह्यातच फिरतो.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल, तर गाडीवर बसून कॉलेजच्या ग्राउंडवर जा, चार फेऱ्या मारा, गाडीवर बसून परत या. दूध आणायला, दळण टाकायला चालत किंवा सायकलवर गेलात तर व्यायाम कामातच होऊन जाईल आणि लोकांना कळणारसुद्धा नाही. रस्ता रुंद करताना कडेची चिंच, लिंब, वड गेले त्याबद्दल अवाक्षर काढू नका. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी झेंडावंदनानंतर रोपं लावायची आहेतच, खड्डे गेल्या वर्षीचे तयार आहेत.

एवढं सगळं पाळूनही घरात कुणी ऐकलं नाही, सूनबाईनं छताला चुना मारायचा हट्टच धरला, तर तिला तारीख द्या. भारतानं २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत कर्ब उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायला २०७० ची मुदत घेतलीय, सरकारला घाई नाही तर आपल्याला कशाला? तोवर बीपीची गोळी सकाळी, शुगरची जेवणाआधी, दम्याचा पंप खिशात. मेडिकलवाल्याकडं उधारीचं खातं उघडून ठेवा. महिन्याच्या महिन्याला हिशोब चुकता केला तर तो दहा टक्के सोडतो.