‘घोडबंदरकर’ यांना उत्तर: पर्गोला, लोखंड आणि चार वेबसाइट

गच्चीवरच्या पर्गोलासाठी, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या मांडवासाठी, काय वापरावं, या माझ्या लेखावर ‘घोडबंदरकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच खाली दोन ओळी लिहिणार होते, पण ते दोन ओळींत मावेना. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते:

‘ताई, तुमच्या घरात या लाइनमधलं कोणी आहे का, की चार वेबसाइट वाचून सल्ले देताय? खाडीच्या काठावर लोखंड सुचवणं म्हणजे वाचकांचे पैसे पाण्यात घालणं. आमच्याकडे बंगल्याला सागवान आहे, इतक्या वर्षांत ढिम्म हललेलं नाही. शिवाय पॉलिकार्बोनेटखाली दुपारी भट्टी होते, पावसात आवाजाने डोकं उठतं, आणि खर्चाचा आकडा तर तुम्ही शिताफीने टाळलाय.’

नमस्कार घोडबंदरकर. टीकेचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर लोकांनी माझ्या बाथरूमच्या टाइल्सवरही तोंडसुख घेतलंय आणि मी ते सगळं राहू दिलंय. पण टीकेचीही एक रीत असते. ‘घरात या लाइनमधलं कोणी आहे का’ हे तुम्ही एखाद्या पुरुषाला विचारलं असतंत का, तेवढं स्वतःशीच तपासून बघा. उत्तर हवंच असेल तर, हो, आहे. मीच.

रबाळे एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. खरेदी आणि बिलं माझ्याकडे असायची. वेल्डिंगचा होल्डर मी कधी हातात धरला नाही, ते काम माझं नव्हतं. पण कोणता पाइप किती जाडीचा आला, कोणता जॉब गॅल्व्हनाइझिंगला, म्हणजे जस्ताचा थर चढवायला, गेला आणि कोणता गिऱ्हाइकाने शिव्या घालून परत पाठवला, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. वेबसाइटही वाचते मी. का वाचू नयेत? तुम्ही माझा लेख कुठे वाचलात, छापील दिवाळी अंकात?

आता ते लोखंडाचं वाक्य. मी लेखात लिहिलं होतं, ‘एमएसचा सांगाडा, पण सगळं कापून, भोकं पाडून, वेल्डिंग आटपल्यावर हॉट डिप गॅल्व्हनाइझ केलेला.’ तुम्ही ‘एमएस’पाशी, म्हणजे माइल्ड स्टील या साध्या लोखंडापाशी, थांबलात आणि लिहायला बसलात.

तुमच्या मनात कुठलं लोखंड आहे ते मला कळतंय. फॅब्रिकेटर चौकोनी पाइप आणतो, गच्चीवरच कापतो, टाके मारतो, ग्राइंडर फिरवतो, रेड ऑक्साइडचा एक हात, वर ऑइल पेंट, आणि जाताना ‘मॅडम, दहा वर्षं बघायला नको’. नेरुळला आमच्या रो-हाउसच्या ओळीतच असा एक पर्गोला होता. काळा रंग अगदी चकचकीत, कुठे पोपडा नाही. त्या घरच्यांनी झोपाळा टांगायला आडव्या पाइपला खालून भोक पाडायला घेतलं, तर ड्रिल जोर न लावताच आत गेलं आणि भोकातून तांबूस पाणी धरणाऱ्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मी शेजारच्या गच्चीवर उभी होते. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरने आणखी दोन ठिकाणी ठोकून पाहिलं, आणि झोपाळ्याचा विषय तिथेच संपला.

रंग बाहेरून होता, पाइप आतून गंजत होता. वेल्डिंगमध्ये सुईएवढं छिद्र राहिलं तरी पावसाचं पाणी आत शिरतं आणि मग तिथेच बसतं. पावडर कोटिंगचंही तेच. साठ-ऐंशी मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुंदर थर, पण बाहेरच्या अंगाला. पाइपच्या पोटात काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही.

हॉट डिपमध्ये अख्खा तुकडा साधारण 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त आतल्या बाजूलाही पोचतं, अट एवढीच की पाइपला दोन्ही टोकांशी भोकं ठेवलेली हवीत. ती भोकं ठेवायला विसरलं तर कोंडलेली हवा आणि ओल त्या तापमानाला पाइप फोडू शकते, म्हणून गॅल्व्हनाइझिंगवाले बंद जॉब घेतच नाहीत. आमच्या वर्कशॉपमधून असे जॉब परत आलेत आणि टेम्पोच्या दोन्ही फेऱ्यांचं भाडं मी नोंदवलंय. टाकीच्या मापात बसावा म्हणून सांगाडा सुट्या भागांत करायचा आणि गच्चीवर फक्त नटबोल्टने जोडायचा. गच्चीवर वेल्डिंग केलंत की संपलं. जस्त 907 अंशांना उकळतं, वेल्डिंगची ठिणगी त्याच्या कितीतरी पुढे, म्हणजे नेमक्या सांध्यावरचंच जस्त उडून जातं.

तिसरा प्रकार म्हणजे बाजारातला जीपी, म्हणजे आयता जस्त चढवलेल्या पत्र्याचा, पाइप. त्याला जस्त असतं, पण पातळ पत्र्याला आधी चढवलेलं, बहुतेक वेळा एका बाजूला वीस मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडाला हॉट डिपचा थर सरासरी सत्तर मायक्रॉन असावा असं आयएसओ 1461 हे मानक सांगतं. क्षारयुक्त किनारी हवेत जस्त वर्षाला साधारण दोन ते चार मायक्रॉन झिजतं. भागाकार तुम्हाला येत असेलच. खाडीच्या अगदी तोंडावर झीज याहून जास्त धरावी लागते, म्हणून मी वर रंगही सुचवला होता, आणि त्याआधी एच प्रायमर, म्हणजे जस्ताला पकड देणारा पहिला हात, कारण नव्या जस्तावर साधा रंग धरत नाही, पापुद्रे निघतात. हेही लेखात होतं. तुम्ही तिथवर पोचला नाहीत.

आणि खाडीबद्दल मला घोडबंदरहून ऐकायला मिळावं, ही एक गंमतच. रस्त्याच्या एका अंगाला उल्हासची खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचे डोंगर, आणि तुमचा बंगला कुठल्या अंगाला ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी पाम बीच रोडच्या बाजूला राहते. आमच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या वर्षाआड कुरकुरतात.

सागवानाकडे येते. देखणेपणात त्याच्या जवळपास काही जात नाही, हे मान्य, अगदी मोकळ्या मनाने मान्य. पण सागवान मला शिकवू नका. माझे वडील भिवंडीकडच्या एका लाकडाच्या वखारीत कामाला होते. ओंडक्याचं तोंड बघून ते सांगायचे की गाभा किती आणि कडेचा पांढरा पट्टा किती. टिकतो तो गाभा. त्या पांढऱ्या भागाला वाळवीही लागते आणि तो कुजतोही, मग पावतीवर सागवान लिहिलेलं असो की आणखी काही. हल्ली लागवडीतल्या कोवळ्या झाडांचा माल येतो, त्यात पांढरा भाग जास्त. पाडलेल्या जुन्या इमारतींतलं सागवान मिळालं तर डोळे झाकून घ्या, पण त्यातले खिळे आधी काढून घ्या, नाहीतर सुतार रंध्याचं पातं तुमच्या अंगावर टाकेल.

लाकूड संपतं ते तळाशी. खांब फरशीत किंवा काँक्रीटमध्ये रोवला की त्याचं कापलेलं तोंड पाणी ओढत राहतं, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. वरून पॉलिश, वार्निश, तेल काहीही लावा, खालून ओल चढतेच. उपाय साधा आहे. खांब जमिनीपासून दोन-तीन इंच वर, धातूच्या बैठकीवर उभा करायचा. आणि ती बैठक कशाची असते, घोडबंदरकर? गॅल्व्हनाइझ केलेल्या लोखंडाची.

‘ढिम्म हललेलं नाही’ हा काही पुरावा नव्हे. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूने गेलं तेव्हा आमच्या भागात पत्रे आणि शेड उडाले ते त्याआधी ढिम्मच होते. आयएस 875 या बांधकामाच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. वारा छपराला खालून उचलतो, म्हणून गच्चीवर वजन पेलण्याइतकाच प्रश्न धरून ठेवण्याचा असतो. अँकर बोल्ट मारताना कोब्याचं वॉटरप्रूफिंग फुटतं, मग खालच्या खोलीत गळती, मग सगळा दोष पर्गोल्याला. त्यावर मी वेगळा लेख लिहिलाय, शोधा म्हणजे सापडेल.

बाकीचं पटकन. भट्टी होते? छपराला पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची, पारदर्शक शीट लावलीत तर होणारच. दुधी किंवा ब्रॉन्झ घ्या, भिंतीलगत हवा जायला फट ठेवा, यूव्हीची, म्हणजे उन्हापासून वाचवणाऱ्या थराची, बाजू वर आली का ते फिल्म काढण्याआधी बघा. आवाज होतो, बरोबर. जुलैत मी तरी बाहेर बसत नाही. खर्चाचा आकडा ‘शिताफीने’ टाळला म्हणता, तर लोखंडाचा भाव महिन्या-महिन्याला बदलतो. आज लिहिलेला आकडा पुढच्या वर्षी कोणीतरी प्रिंट काढून फॅब्रिकेटरच्या तोंडावर मारेल आणि नाव माझं येईल. ज्यांनी सभ्यपणे ईमेल केला त्यांना मी कोटेशन कसं वाचायचं ते सांगितलंय.

तुमच्या सागवानाचा फोटो मात्र जरूर पाठवा, लावते इथे. फक्त समोरून, झुंबर आणि कुंड्यांसकट काढलेला नको. खांब फरशीला टेकतो तिथे खाली वाकून, पावसाळा संपल्यावर काढलेला हवा. आणि काढण्याआधी तिथे एकदा स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिलात तर किती आत गेला तेही कळवा.