पाणी सोडायचं कुणी?

ऑक्टोबर उजाडला की आमच्या घरात एक भांडण ठरलेलं असतं. गाव राहुरी तालुक्यात, मुळेच्या उजव्या कालव्यावर. मी राहतो संभाजीनगरात, म्हणजे खाली गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर. पावसानं हात आखडता घेतलेल्या वर्षी मुळा धरणातून खाली पाणी सोडायची बातमी आली की चुलतभावाचा फोन येतो, "घ्या, प्या आमचं पाणी." मी म्हणतो, "कायद्यानं आलंय." मग दिवाळीपर्यंत अबोला. भाऊबीजेला आई मध्ये पडते.

कायदा खरंच आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात लिहिलंय की टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या धरणांनी तूट वाटून घ्यायची. पुढं मेंढेगिरी समितीनं त्याचे आकडे बसवले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्यांनी सोडायचं, असं समितीनं सांगितलं. हायकोर्टानंही २०१६ मध्ये समन्यायी वाटप उचलून धरलं. एवढं सगळं असून सोडायची वेळ आली की पक्ष नावाची गोष्ट उरत नाही. नगर-नाशिकचे सगळे झेंडे एकीकडं, मराठवाड्याचे सगळे दुसरीकडं. एकाच पक्षाचे लोक वर "थेंबही देणार नाही" म्हणतात आणि खाली "हक्काचं घेणारच" म्हणतात. हा कायदा ज्यांनी केला त्या विधानसभेत दोन्हीकडचे आमदार बसले होते, हे कुणी आठवत नाही. तेव्हा धरणं भरलेली असावीत.

सहकाराची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. आमचे आजोबा सहकारी साखर कारखान्याचे सभासद. शेअरची रक्कम बिलातून कपात व्हायची आणि ते कुरकुर न करता सही करायचे. प्रवरानगरचा कारखाना १९५० मध्ये उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग भांडवल जमवलं, अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थतज्ज्ञ. दहा एकरवाल्याला एक मत, शंभर एकरवाल्यालाही एकच. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. माझं शिक्षण त्याच उसाच्या पैशावर झालं, मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

पण एक खोट तेव्हापासूनच होती. आपण गाळपाचा सहकार केला, पाण्याचा केला नाही. साखर सगळ्यांची, विहीर, मोटार आणि पाटाची पाळी मात्र ज्याची त्याची. वार्षिक सभेत टनेज, उतारा, भाव यावर रात्र व्हायची. किती पाणी वापरलं हा प्रश्न अहवालाच्या कुठल्याच पानावर नसे. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच म्हटलं होतं की महाराष्ट्रात ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी पितो. लातूर म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये तिथं मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी पाहिलं, हळहळलो आणि पुढच्या हंगामाची उसाची नोंद करून आलो.

नफा वाटून घेणं त्या मानानं सोपं. तूट वाटून घेताना माणसाची खरी परीक्षा असते, आणि ती आपल्याकडं जुन्या लोकांनी पास केलेली आहे. धुळ्याकडं, साक्री तालुक्यात, पांझरेवर फड पद्धत होती. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात एकच पीक. उसाचा फड कुठला, हंगामी पिकाचा कुठला, पडीक कुठला, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं, आणि पाणी पाटकऱ्यानं द्यायचं, मालकानं नाही. यातली मेख अशी की बहुतेकांचा एकेक तुकडा वेगवेगळ्या फडांत असायचा. पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. तोटा व्हायचा तो पाटलाचाही आणि दोन बिघेवाल्याचाही. मोठं मन कुणाकडूनच अपेक्षित नव्हतं. तुटीच्या वर्षी कुणाला एकट्यानं निसटता येणार नाही अशी जमिनीचीच आखणी होती. पुढं ज्याच्या त्याच्या विहिरी आणि मोटारी आल्या, तसा निसटायला रस्ता मिळाला.

पुरंदरमधल्या नायगावचं पाणी पंचायतीचं काम तर परवा-परवाचं. विलासराव साळुंखे पुण्याचे कारखानदार, इंजिनिअर. १९७२ च्या दुष्काळानं हललेला माणूस. त्यांनी नियम केले ते आजही वाचताना अंगावर येतात. पाणी जमिनीवर नाही, माणशी. डोईला अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, गटाकडं परत येणार. योजनेचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी खिशातून भरायचा. आणि ऊस बंद. हे नियम राज्यभर गेले नाहीत. कसे जातील? आमच्या गावात कुणी "माणशी पाणी" म्हणून बघावं, संध्याकाळपर्यंत पारावर त्याचा सत्कार होईल, कुठल्या वस्तूनं ते सांगत नाही.

पुढाऱ्यांच्या भाषणातल्या "त्याग" या शब्दाचा मला म्हणूनच राग येतो. तो नेहमी दुसऱ्याच्या शिवारातला असतो. जायकवाडीत शंभरावर गावं गेली, त्यांत खालच्यांबरोबर शेवगाव-नेवाशाकडचीही होती. त्यांना कुणी बैठकीला बोलावून फड ठरवला नव्हता.

हे सगळं मी मागच्या वर्षी भावाला फोनवर ऐकवलं. फड, नायगाव, ६५ टक्के, सगळं. त्यानं मध्ये तोडलं नाही, हेच नवल. मग विचारलं,

"तुमच्या नळाला किती दिवसांनी येतं पाणी?"

"आठ."

"बरं. सगळ्यांना सारखं येतं?"

"कॉलनीच्या शेवटच्या गल्लीत करंगळीएवढी धार पडते. लोक लाइनला डायरेक्ट मोटारी लावतात ना."

"तुझी किती एचपीची आहे, दादा?"

माझी एकची आहे. शेजाऱ्यानं दीडची घेतल्यावर मीही दीडची बघून आलो होतो, पण ते त्याला सांगितलं नाही.