मुलीच्या मामांनी डीजेवर यावं

मराठीत डीजे हा माणूस नसतो. डीजे ही वस्तू असते. ती लावतात, मिरवणुकीत ट्रकवर चढवतात, तिच्यामुळे खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि रात्री दहा वाजता पोलीस येऊन ती बंद करतात. त्यामुळे वयाच्या 42 व्या वर्षी भांडुपच्या आमच्या वन बीएचकेत मी जाहीर केलं, "मी डीजे शिकतोय," तेव्हा अण्णांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "म्हणजे ट्रक चालवायला?"

झालं असं, की ताईच्या मुलीची हळद ठरली. डीजेवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून ताई फोनवर बराच वेळ गप्प राहिली. ती शांतता मला सहन झाली नाही. "अगं, एका गाण्यापुढे दुसरं गाणं लावायचं, त्यात काय एवढं? मी करतो," असं मी बोलून गेलो. लग्नात मुलीच्या मामाचं काम वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. गुरुजींनी पुकारा केला की मुलीला मंडपात आणायचं आणि फोटोत हसायचं. एरवी कुणाला मामा बनवायला दुसरं माणूस लागतं. मी एकट्यानेच जमवलं.

हिने घरखर्चाच्या वहीत 'इतर' या सदराखाली आठ हजार मंजूर केले. खरे डीजे म्हणे दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवायच्या दोन यंत्रांवर, वाजवतात. त्यातलं टेक्निक्सचं एसएल-1200 हे 1972 सालचं मॉडेल, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठं, आणि आजही त्याचा मान एवढा की नव्या जोडीच्या किमतीत आमच्या घराला नवं स्वयंपाकघर बसलं असतं. तो विषय तिथेच मिटला. मुलुंडच्या एका कॉलेजकुमाराकडून मी साडेसहा हजारांत जुना कंट्रोलर घेतला, म्हणजे लॅपटॉपला जोडून त्यातली गाणी हाताने फिरवायचं यंत्र. "का विकतोयस रे?" "काका, अभ्यास." त्याच्या मागे टेबलावर दुप्पट मोठा नवा कंट्रोलर चकाकत होता. अभ्यास बहुधा त्याचाच चालू असावा.

माझ्या कंट्रोलरचा फेडर, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात नेणारी सरकपट्टी, मध्यावर आला की अडकायचा. लॅपटॉप नऊ वर्षांचा, त्याचा पंखा दळणाच्या गिरणीसारखा. मिक्स नावाचं सॉफ्टवेअर मात्र फुकट मिळालं. खरोखर फुकट, चोरीचं नव्हे. हे मी हिला दोनदा सांगितलं, कारण तिला माझ्यापेक्षा माझी काटकसर जास्त माहीत आहे.

आता मूळ दुखणं. डीजेला दोन गाणी एकाच वेळी ऐकावी लागतात. एक लोक ऐकतात ते, आणि दुसरं, जे पुढे यायचंय ते, फक्त त्याच्या हेडफोनमध्ये. दोन्हींचा ठेका जुळला की हळूच एकातून दुसऱ्यात शिरायचं. माझ्याकडे होता ब्लूटूथ स्पीकर. तीन रात्री मी हेडफोनमध्ये ठेका चोख जुळवला आणि तीनही रात्री खोलीत तो लंगडत बाहेर पडला. चौथ्या रात्री कळलं की ब्लूटूथवरून आवाज पोचायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. 128 च्या गतीच्या, म्हणजे मिनिटाला 128 ठोके पडणाऱ्या, गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अंतरच मुळी 469 मिलिसेकंदांचं. म्हणजे माझा स्पीकर कायम एक स्टेशन मागे होता.

म्हणून लॅमिंग्टन रोड गाठला. माझ्यासारख्या स्वस्त कंट्रोलरमध्ये साउंड कार्ड नसतं, त्यामुळे लॅपटॉपच्या एकाच भोकाला दोन शेपट्यांची वायर लावावी लागते. एका कानाचा आवाज स्पीकरला, दुसऱ्या कानाचा हेडफोनला. दुकानदाराने दीडशे रुपये घेतले आणि दोन्ही शेपट्या माझ्या नाकासमोर धरून बजावलं, "ही पब्लिकची, ही तुमची. उलटी लावू नका." मी हसलो. एवढं न कळायला मी काय लहान आहे?

ठेका जुळवणं कसं असतं ते मध्य रेल्वेवाल्यांना चटकन कळेल. कुर्ल्यानंतर कधी कधी फास्ट आणि स्लो लोकल शेजारशेजारच्या रुळांवरून धावतात. काही क्षण दोघींचा वेग एक होतो, समोरच्या डब्यातला माणूस तुमच्या समोर चक्क थांबतो, त्याच्या हातातला वडापावही दिसतो. मग तो हळूहळू मागे सरकायला लागतो. बस, तोच तो क्षण धरून ठेवायचा. एक गाणं 128 ला आणि दुसरं 127 ला असेल, तर मिनिटभरात अख्ख्या एका ठोक्याचा फरक पडतो. अर्ध्या मिनिटाला तर एकाची ढोलकी दुसऱ्याच्या बरोबर मध्ये पडते आणि लंगडा घोडा जिना उतरल्यासारखा आवाज येतो. आमच्या घरात तो घोडा महिनाभर उतरत होता.

कंट्रोलरवर 'सिंक' नावाचं बटण असतं. ते दाबलं की यंत्र आपणच ठेका जुळवतं. आजकालच्या मशीनवर बनवलेल्या गाण्यांना ते जमतंही. पण हळदीला लागतात जुनी गाणी, जी जिवंत माणसांनी वाजवलेली. त्यांची लय वाढते, सुस्तावते, कडव्याच्या शेवटी श्वास घेते. सॉफ्टवेअर त्यावर पट्टीने आखल्यासारखे उभे दांडे मारतं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत दांडे एकीकडे आणि ढोलकी भलतीकडे. त्यात बरीच कोळीगीतं सहाच्या चालीत डोलणारी. त्यांच्यावर सरळ चारचा ठेका चढवला तर होडीत फ्रिज चढवल्यासारखं होतं.

अण्णा नोकरीच्या 26 वर्षांत गाडीतल्या भजनी मंडळात टाळ वाजवत आले. ठाण्याला संथ उचललेला अभंग घाटकोपरला चढतो आणि दादर येईपर्यंत डब्याचं छप्पर उडेल इतका पेटतो, हे त्यांनी रोज पाहिलेलं. एका रात्री ते पाणी प्यायला उठले, माझ्या मागे उभे राहिले. "दुसरा मागे पडतोय." मी स्लायडर सरकवला. "आता पुढे पळाला." परत सरकवला. "अरे, पखवाजवाला टाळकऱ्यासाठी थांबत नाही. टाळकऱ्याने त्याला धरायचं असतं. तू दोघांचेही कान पिळतोयस." एवढं बोलून ते झोपायला गेले. ज्या गोष्टीसाठी मी महिनाभर व्हिडिओ बघत होतो, ती त्यांनी तांब्या हातात धरून सांगितली, याचा मला अजून थोडा राग आहे.

सोसायटीच्या सेक्रेटरींनीही दखल घेतली. "निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. सन 2000 चे नियम आहेत." काका निवृत्त सरकारी अधिकारी, त्यांना नियम लहान मुलाला पाढे यावेत तसे येतात. मग मी रात्री नुसत्या हेडफोनवर सराव करू लागलो. पहाटे एकला ही उठली, तर अंधारात लॅपटॉपच्या उजेडात नवरा एक हात हवेत उंचावून आवाज न करता डोलतोय. ती काही बोलली नाही. सकाळी डब्यात दोन पोळ्या कमी होत्या.

धीर खचत आला की मी कूल हर्कची गोष्ट आठवायचो. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स. या जमैकन मुलाने आपल्या बहिणीने ठेवलेल्या पार्टीत, राहत्या इमारतीच्याच हॉलमध्ये रेकॉर्ड वाजवल्या. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. म्हणजे सगळा इतिहास शेवटी सोसायटीचा हॉल आणि बहिणीचं कार्य यावरच येऊन ठेपतो. हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "तू वेळेवर ये म्हणजे झालं."

मी वेळेआधीच गेलो. मंडळाचे दोन बॉक्स मागून आणले होते. केटररचा पोरगा म्हणाला, "काका, डीजे कधी येणार?" "आलाय की. मी." त्याने दोन्ही हात पसरून भिंतीएवढा आकार दाखवला. "नाही हो. डीजे, डीजे!"

पहिली तीन गाणी छान गेली. मग कुणाचं तरी पोर वायरीत अडकलं आणि शेपट्या निसटल्या. मी घाईत परत खोचल्या. त्यानंतर माझ्या हेडफोनमध्ये आयुष्यातलं सर्वांत सुंदर मिक्सिंग झालं. डोळे मिटून, हात उंचावून. फक्त शेपट्या उलट्या लागल्या होत्या. माझं गाणं माझ्या कानात वाजत होतं, आणि बॉक्समधून पाहुण्यांना ऐकू येत होती माझी तयारी. पुढच्या गाण्याची पहिली चार सेकंदं. मग शांतता. परत तीच चार सेकंदं. परत शांतता.

पाचेक मिनिटांनी डोळे उघडले तर हॉलच्या मध्ये खुर्च्यांचं रिंगण. हळदीने माखलेल्या बायका जीव खाऊन धावत होत्या आणि आवाज थांबला की धपकन बसत होत्या. व्याह्यांची खुर्ची गेली म्हणून वाद पेटला होता. अण्णा पंच झाले होते. भाची शेवटच्या दोघांत होती. आता शेपट्या बदलणं म्हणजे दंगलीला आमंत्रण. मी निमूटपणे आणखी दहा मिनिटं तीच चार सेकंदं वाजवली.

निघताना नवऱ्या मुलाकडच्या एक मावशी माझ्याजवळ आल्या, हातात 101 रुपये ठेवले. संक्रांतीला त्यांच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं, खुर्च्या त्यांच्याच.

"डीजे नका आणू बाई, आवाज फार होतो त्याचा," त्या म्हणाल्या. "नुसते तुम्ही या."