कल्चर, गूळ, युरिया टाकले की कोणत्याही चाऱ्याचा मुरघास होतो का?

मुरघास म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा; तो करण्याची एक कृती खान्देशातील दूध उत्पादकांच्या मोबाइलवर सध्या फिरते आहे. एक टन कुट्टीत (बारीक कापलेल्या चाऱ्यात) कल्चर म्हणजे आंबवणारे जिवाणू, 2 किलो गूळ, 5 किलो मीठ आणि 10 किलो युरिया मिसळा. मग मका कोणत्याही अवस्थेत कापा किंवा केळीची खोडे वापरा, मुरघास उत्तमच होईल, प्रथिने दुप्पट होतील आणि 21 दिवसांत बॅग उघडता येईल, असे तिच्यात म्हटले आहे. या कृतीच्या भरवशावर वर्षभराचा चारा पणाला लागतो, म्हणून तिचा एकेक दावा तपासून पाहणे आवश्यक आहे.

कापणीची अवस्था महत्त्वाची नाही, हा त्यातील सर्वांत घातक दावा आहे. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू चाऱ्यातील साखरेवर जगतात आणि हवाबंद अवस्थेत सामू (पीएच, आंबटपणाचे माप) 4 च्या आसपास आणतात; कल्चरने या जिवाणूंची संख्या वाढते, पण चाऱ्यातील जास्तीचे पाणी किंवा कुट्टीत अडकलेली हवा त्याने कमी होत नाही. मक्याचे कणीस मधोमध मोडून दाणा पाहावा. वरचा पिवळा, कडक भाग आणि खालचा दुधाळ भाग यांच्यातील रेघ दाण्याच्या मध्यावर आली असेल, तर झाडात साधारण 30 ते 35 टक्के शुष्क भाग (पाणी वगळून उरणारा भाग) असतो. मग कुट्टी मुठीत घट्ट दाबून मूठ उघडावी: पाणी टपकू नये, तळहात फक्त ओलसर व्हावा आणि गोळा हळूहळू सुटावा. अशा मक्यात साखर पुरेशी असल्याने गूळ घालण्याची गरज नसते. जास्तीची साखर उरली तर बॅग उघडल्यावर ती चारा तापवून बिघडवणाऱ्या यीस्टच्याच उपयोगी पडते.

केळीच्या खोडाबाबतचा दावा रावेर, यावल, चोपडा भागांत अनेकांना मोहात पाडतो, कारण घड उतरवल्यावर खोडांचा ढीग बांधावर पडूनच असतो. मात्र या खोडात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते. नुसत्या खोडाची बॅग भरली, तर तळाशी रस साचतो आणि ब्युटिरिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढून चारा दुर्गंधीयुक्त होतो. खोडात 8 टक्के आणि कडब्यात 90 टक्के शुष्क भाग धरला, तर मिश्रण 30 टक्क्यांवर आणण्यासाठी 73 किलो खोडाला सुमारे 27 किलो ज्वारीच्या कडब्याची कुट्टी लागते. हे प्रमाण साधल्यावर मळी किंवा गूळ आणि कल्चर यांचा खरा उपयोग होतो. लसूणघासासारख्या कमी साखरेच्या चाऱ्यातही मळी किंवा गूळ आणि कल्चर उपयोगी पडतात.

प्रथिने दुप्पट होतात, हे कागदावर खरे आहे आणि म्हणूनच ते पटते. 10 किलो युरियात 4.6 किलो नत्र असते. प्रयोगशाळा नत्राला 6.25 ने गुणून प्रथिने मांडते, म्हणजे अहवालात जवळजवळ 29 किलो वाढतात, तर टनभर मक्याच्या कुट्टीत मुळात 26 किलोच्या आसपास प्रथिने असतात. ही वाढ सरकी ढेपेतील प्रथिनांसारखी नसते. या नत्राचे प्रथिन कोठीपोटातील (जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांना करावे लागते आणि त्यासाठी आहारात पुरेशी ऊर्जा लागते. युरिया नीट न मिसळता त्याचे खडे एका जागी राहिले तर जनावराला विषबाधा होते, आणि सहा महिन्यांच्या आतील वासरांना असा मुरघास देऊच नये. शिवाय युरियातून सुटणारा अमोनिया सामू उतरण्यास अडथळा करतो.

मिठाने चव येते; 5 किलोने टनभर चारा टिकत नाही.

21 दिवसांच्या दाव्यात तथ्य आहे, कारण नीट दाबून भरलेल्या मक्याचे आंबवण बहुतांशी तेवढ्या काळात पूर्ण होते. मात्र बॅग उघडल्यावर मुरघास गरम होऊ नये म्हणून लॅक्टोबॅसिलस बुकनेरी असलेले कल्चर वापरले असेल, तर त्याचे काम मंद असते आणि 45 ते 60 दिवस थांबल्याशिवाय त्याचा लाभ दिसत नाही. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातील उन्हात हेच कल्चर सर्वाधिक कामाचे आहे, परंतु पाकिटातील जिवाणू जिवंत असले तरच. ते पाकीट दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेले नसावे आणि कल्चर क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्यात कालवू नये. खड्डा उघडल्यावर रोज संपूर्ण तोंडावरून किमान 15 सेंटिमीटरचा थर काढावा आणि बुरशी लागलेला भाग फेकून द्यावा, कारण बुरशीचे विष कोणत्याही कल्चरने नाहीसे होईल असे धरून चालता येत नाही.