गुणी की घुमा? (कमेंटला उत्तर)

लाजाळूपणा आणि संस्कृतीवरच्या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा जरा लागलीच. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की लाजाळूपणा जन्मजात असतो, मी उगाच सगळं संस्कृतीच्या माथी मारते, जपानमधले हिकिकोमोरी (महिनोन्महिने घरात कोंडून घेणारी माणसं) म्हणजे भरल्या पोटाचे चोचले, आणि तुमचा भाचा बारावीनंतर खोलीतून बाहेर पडत नाही तो निव्वळ मोबाईलमुळे.

जन्मजात, हे मान्य. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर खेळणी हलवून बघितली, साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायला लागायचं आणि तसली बाळं पुढे बुजरी व्हायची शक्यता जास्त. पण सगळी नाही झाली ना! बुजरेपणा मूल सोबत घेऊन येतं, त्याचं कौतुक करायचं की त्याला नावं ठेवायची हे आजूबाजूचे ठरवतात, एवढंच मी म्हणतेय.

शांघायचं मागच्या वेळी घाईत उरकलं म्हणून परत सांगते. मानसशास्त्रज्ञ शिनयिन चेन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शाळकरी मुलांचा 1990, 1998 आणि 2002 असा तीनदा अभ्यास केला. 1990 मध्ये लाजरी मुलं वर्गात आवडती, शिक्षकांचंही मत चांगलं. 2002 मध्ये तशीच मुलं वर्गाने बाजूला टाकलेली, उदास. बारा वर्षांत जीन्स बदलले का हो? बाजार खुला झाला, स्वतःला पुढे करणं आलं आणि गप्प बसणाऱ्याचा भाव पडला.

माझंच बघा. प्रगतिपुस्तकात दरवर्षी "शांत व आज्ञाधारक", आई तो शेरा पाहुण्यांना वाचून दाखवायची आणि मी पडद्यामागे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी ग्रुप डिस्कशनला सगळे एकमेकांवर ओरडतायत, मी वहीत तीन मुद्दे लिहून कोणीतरी थांबेल म्हणून वाट बघतेय, तेवढ्यात वेळ संपली. कॉन्फिडन्स नाही म्हणे. अहो मुलगी तीच होती!

आता मोबाईल. जपानी मनोविकारतज्ज्ञ तमाकी साइतोंचं हिकिकोमोरीवरचं पुस्तक 1998 चं, तेव्हा कुठे होते स्मार्टफोन? जपान सरकारच्या 2022 च्या पाहणीत 15 ते 64 वयाचे अंदाजे 14 लाख 60 हजार असे लोक निघाले, म्हणजे हे नुसतं पोरांचं खूळ नाही. ऐंशीचे आईबाप आणि त्यांच्या पेन्शनवर घरात बसलेला पन्नाशीचा मुलगा, याला तिकडे "8050" म्हणतात. बाहेर कोणाला सांगायचीही चोरी कारण सेकेंतेई, म्हणजे आपली चारचौघांतली अब्रू, याचं भाषांतर मराठी माणसाला वेगळं कशाला करून सांगायला हवं.

एक मात्र तुमचं बरोबर. "जपानी संस्कृती" म्हणून मी सगळं एका गाठोड्यात बांधलं ते चुकलंच. नव्वदच्या दशकात तिथे मंदी आली, शिकून बाहेर पडलेल्या पोरांना धड नोकऱ्याच मिळेनात, तो भाग मी गाळला होता. पोस्टमध्ये घालते.

भाच्याचं म्हणाल तर तो चुलतबहिणीच्या लग्नाला आला नाही म्हणून घरात केवढं रामायण झालं ते तुम्हीच लिहिलंय. आला असता तर मांडवात शिरल्या शिरल्या त्याला पहिला प्रश्न कुठला आला असता, बारावीला किती पडले हाच ना?