उलट्या प्रश्नाचा उपयोग

स. न. वि. वि.

सार्वजनिक धोरणे आखताना सर्जनशील विचारतंत्रे वापरावीत, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ही तंत्रे म्हणजे जाहिरात कंपन्यांच्या बैठकांतली करमणूक आहे, हा पहिला. आणि आपल्याकडे उणीव कल्पनांची नसून अंमलबजावणीची आहे, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपाला आधार आहे. ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ (गटाने बसून सुचतील त्या कल्पना मांडणे) रूढ करणारे ॲलेक्स ऑस्बर्न जाहिरात व्यवसायातलेच होते, आणि येल विद्यापीठातील १९५८ च्या प्रयोगात चौघांच्या गटापेक्षा एकेकट्याने विचार करणाऱ्या चौघांच्या एकत्रित कल्पना अधिक भरल्या. रंगीत चिठ्ठ्या चिकटवण्याच्या कार्यशाळांचे मलाही कौतुक नाही. मी भर दिला होता तो प्रश्न उलटा करून पाहण्यावर, आणि त्याला सभागृह लागत नाही.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही, कारण पुष्कळदा अंमलबजावणीचे यश प्रश्न कसा मांडला यावरच ठरते. ‘सांडपाण्याची विल्हेवाट कशी लावावी’ या प्रश्नाचे उत्तर कितीही चोख दिले तरी महापालिकेच्या पदरी खर्चच येतो. ‘हे पाणी कोणाला हवे आहे’ असे विचारले, तर नागपूरजवळच्या कोराडीचे औष्णिक वीज केंद्र समोर येते. नागपुरातील भांडेवाडीला प्रक्रिया केलेले, दिवसाला १३० दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रकल्पाचे पाणी या केंद्राला देण्याची आणि त्याचा मोबदला महापालिकेला मिळण्याची योजना याच दिशेची आहे. ती कोणा तज्ज्ञाच्या तंत्रातून सुचली, असा माझा दावा नाही. विचाराचे वळण तेच आहे, आणि ते योगायोगावर न सोडता मुद्दाम घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे उदाहरण अधिक बोलके आहे. सरकारने आपल्या सोयीने कामे काढावीत आणि मजुरांनी तिकडे जावे, हा क्रम विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेत उलटला: मजुराने काम मागावे आणि ते पुरवण्याचे बंधन सरकारवर असावे. १९७७ च्या कायद्याने त्याला हक्काचे रूप दिले आणि शहरी नोकरदारांकडून येणारा व्यवसाय कर त्याच्या खर्चाला जोडला गेला. अंमलबजावणीचा तगादा लावणारा माणूस इथे योजनेच्या रचनेतच होता. (तो तगादा सर्वत्र सारखा चालला नाही, हे आपण म्हणालच, आणि ते खरे आहे.)

आता आपल्या उन्हाळ्याकडे पाहू. ‘मजुरांना उष्माघातापासून कसे वाचवावे’ असे विचारल्यास पाणपोई आणि फलक सुचतात. त्याऐवजी ‘उष्माघात व्हावाच अशी इच्छा असेल तर काय करावे’ असे विचारून पाहा. बागांना भर दुपारी कुलूप लावावे, पाणपोई मजुरांच्या ठिय्यापासून लांब ठेवावी, डांबरीकरण मे महिन्यात दुपारीच काढावे आणि रोजी दिवसावर न देता तासांवर द्यावी, म्हणजे कोणी सावलीत बसणार नाही. यांपैकी आज प्रत्यक्षात काय काय घडते, हे आपण आपल्या प्रभागात तपासावे. कुलपाची वेळ आणि कंत्राटातील कामाचे तास बदलायला वेगळा निधी लागत नाही. उद्यान विभागाचा एक आदेश आणि निविदेतील एक अट पुरते.