शून्याला पास

परवा गोवंडीत अख्ख्या गल्लीदेखत मला मायनस एक मार्क मिळाला. देणारे बेस्टमधून रिटायर झालेले कंडक्टर काका. आणि तो आता पुसताही येत नाही.

मी काम करतो त्या समाजसेवी संस्थेत नवं सॉफ्टवेअर आलंय. एकदा मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता, तेव्हापासून यंत्रांचं खातं माझ्याकडे. म्हणून प्रत्येक केसच्या प्रगतीचे मार्क 'सेट' करण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. पद्धत १९६८ सालची, किरेसुक आणि शर्मन या दोघा अमेरिकनांची. उद्दिष्ट ठरवायचं आणि मायनस दोन ते प्लस दोन अशा पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवायच्या. ठरवलं तेवढं झालं की शून्य.

त्या गल्लीतल्या एका मावशींची केस माझ्याकडे. त्यांचं उद्दिष्ट होतं, तीन महिन्यांत निराधार योजनेचा अर्ज दाखल करणं. झाला. मी टॅबवर शून्य टाकलं. मावशी गप्प. दारात उभे काका मात्र गप्प बसले नाहीत.

"शून्य? बाईने दाखल्यासाठी चार खेपा घातल्या आणि तुम्ही भोपळा देता?"

"काका, इथे शून्य म्हणजे पास."

"पस्तीसला पास असतात. शून्याला कुठल्या बोर्डात?"

"पैसे मंजूर झाले की प्लस एक."

"मंजुरी हिच्या हातात आहे?"

आता याला काय सांगणार! पहिल्या खेपेला सर्व्हर बंद, दुसऱ्या खेपेला साहेब जेवायला, तिसऱ्या खेपेला नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात आडनावाची वेलांटी चुकलेली. त्या एका वेलांटीपायी मावशींनी धुण्याभांड्यांच्या दोन घरांचे खाडे केले. खिडकीमागच्या साहेबाची प्रगती मोजायला माझ्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही. मावशींची मोजायला पाच पायऱ्या.

"बरं, प्लस अर्धा द्या," काका तडजोडीवर आले.

"अर्धा नसतो."

"हाफ तिकीट असतं की! उभ्या सर्व्हिसमध्ये मी हाफ तिकीट नाकारलं नाही कुणाला."

तोवर गल्ली जमली होती. एक पोरगं टॅबमध्ये डोकावून म्हणालं, "हे तर सरांचंच नाव!" खरंच होतं. चाचणीसाठी मी स्वतःलाच क्लायंट करून ठेवलं होतं. उद्दिष्ट: 'लोकांना रेटिंग समजावणे.'

काकांनी चष्मा वर केला, मायनस एकवर बोट टेकवलं आणि तिकीट फाडल्यासारखं 'सेव्ह' दाबलं. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या.

सेव्ह केलेला मार्क बदलता येऊ नये, हा नियम मीच सेट केलाय. ऑडिटसाठी.

आज सकाळी यादी उघडली तर माझं नाव लाल. शेजारी शेरा: घरभेट प्रलंबित. वरून मॅडमचा फोन, "अहो, हा क्लायंट मागे पडतोय, कुणाला पाठवताय?"